समजा, हे जळालं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे त्या शनिवारची परीक्षा. दुपारी मी घरून डिस्क आणली. साहेबांनी कॉम्प्युटरच्या खोलीला आतून कडी घातली, खुर्ची मला दिली, स्वतः भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि नेहमीचंच बोलले, "मामा, समजा हे जळालं. मी पण मेलो. आता आणा सगळं परत."

डिस्क म्हणजे साबणाच्या वडीएवढी काळी डबी. आमच्या कारखान्याची बावीस वर्षांची ड्रॉइंगं आणि गिऱ्हाइकांचे सगळे मेल त्या वडीत मावले होते. मी चौथी शिकलेला शिपाई. माझ्यासाठी साहेबांनी वही केली होती, एका पानावर एकच काम, अक्षर बोटभर उंच. आधी ही वायर इथं लावा. मग हे बटण. मग थांबा. मी वहीत बोट ठेवून एकेक करत गेलो. एका जागी अडलो. साहेब, इथं हो म्हणू का नको म्हणू, असं विचारलं, तर भिंतीकडूनच उत्तर आलं, "मेलेल्या माणसाला विचारतात का? वहीत बघा."

वहीत होतं. मी दाबलं. जरा वेळानं पडद्यावर एका पंपाच्या पंख्याचं ड्रॉइंग आलं. मग कुठं साहेब वळले. खिशातून कागद काढून त्यांनी मापं ताडून बघितली आणि म्हणाले, पास. आम्ही फाटकाबाहेर जाऊन अर्धा अर्धा चहा घेतला. आभाळ कोरडं होतं, तरी त्यांच्या बगलेत छत्री होती.

पुढच्या शनिवारी परत आणायला काही उरलं नव्हतं.

हे सगळं नगरच्या एमआयडीसीतलं. आता अहिल्यानगर लिहायचं, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय. दूध संघांना आणि साखर कारखान्यांना लागणारे पंपाचे सुटे भाग आम्ही करायचो. चाळीस माणसं, सात लेथ, एक शेठ. आणि हे साहेब, कॉम्प्युटर सांभाळायला.

त्यांचं नाव लिहीत नाही. कारखान्यात त्यांना नावानं कुणी हाक मारतही नव्हतं. तोंडावर साहेब, पाठीमागं 'समजा'. आला का समजा? समजानं आज डबा एक आणला का दोन? माणूस दिसायला साधा, उंच, वाळका. लग्न केलं नव्हतं. श्रीरामपूरचे ख्रिश्चन. बहीण तिकडं, हे इथं एका खोलीत. सोमवारी श्रीरामपूरहून येताना जी एसटी वेळेवर पोचवील तिच्या आधीच्या एसटीनं यायचे. समजा बंद पडली तर? बंद काही पडायची नाही, आणि हे पाऊण तास कुलूप लावलेल्या फाटकापुढं उभे.

शर्टाला दोन खिसे शिवून घेतलेले. दोन्हींत एकेक पेन, एकेक छोटी वही, एकेक कंगवा. डोक्यावर केस मोजून पन्नास, आणि कंगवे दोन. चष्मे दोन. सायकलच्या किल्ल्या तीन, त्यातली एक चहावाल्याकडं. चहावाल्यालाही सोडायचे नाहीत. समजा तुझा स्टो भडकला, तर आधी काय उचलशील, असं त्याला विचारायचे. तो वैतागायचा. साहेब, सकाळच्या पारी चांगलं बोला की.

वैतागायचे सगळेच. आमचे फोरमन तर लई. वास्तू तथास्तु म्हणत असते, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. घरात, कामाच्या जागेत, तोंडातून वंगाळ शब्द काढू नये. आणि हा माणूस आठवड्याला एकदा भर कारखान्यात उभा राहून म्हणणार, समजा हे जळालं. एकदा फोरमननी त्यांना तसं सुनावलं. साहेब शांतपणे म्हणाले, "वास्तू तथास्तु म्हणते ना, म्हणून तर मी आधी कॉपी काढतो." सगळे हसले. फोरमन हसले नाहीत.

त्यांचा कायदा एकच होता. कारखान्याची विद्या तीन ठिकाणी पाहिजे. एक कॉम्प्युटरमध्ये. एक डिस्क ऑफिसच्या लोखंडी कपाटात. आणि तशीच दुसरी डिस्क कारखान्याच्या बाहेर, लांब, कुणाच्या तरी घरी. दर शनिवारी कपाटातली घरी न्यायची, घरातली आणायची, उघडून बघायची, नवं काम तिच्यात भरायचं आणि कपाटात ठेवायची. काही झालं तरी तिन्ही एका छपराखाली येऊ द्यायच्या नाहीत. उघडून बघण्यावर त्यांचा फार जोर. म्हणायचे, जी कॉपी परत आणून बघितली नाही, ती कॉपी नाही, ती आशा आहे.

नेटवरून दुसरीकडं ठेवायची सोय आहे, असंही त्यांनी शेठना सांगून बघितलं होतं. शेठ म्हणाले, माझी ड्रॉइंगं मी परक्याच्या गोदामात टाकू? मेलसुद्धा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे आणि तिकडचे पुसायचे, असा शेठचा हुकूम. मग राहिली ती डिस्क, आणि डिस्कसाठी घर. साहेबांनी माझं घर निवडलं. मी कारणही विचारलं. म्हणाले, तुम्हाला आतलं काही कळत नाही, म्हणून तुम्ही आत डोकावणार नाही. आणि तुम्ही आजवर एक दिवस उशिरा आला नाहीत.

मग ते घर बघायला आले. मुलगी बघायला यावं तसे. छताला गळती कुठं, चूल कुठं, पाण्याचा माठ कुठं, सगळं बघितलं. आमच्या मंडळींना विचारलं, मामी, तुम्ही सगळ्यात कमी वेळा उघडता तो डबा कुठला? ही म्हणाली, शेवयांचा. वर्षातून दोनदा. त्यांनी डबा उन्हात धरून आतून बघितला, वास घेतला, आणि पसंत आहे म्हणाले.

ही चुलीपुढून उठून आली. डिस्क हातात घेऊन उलटीपालटी केली. ह्यात काय हाय, असं विचारलं. साहेबांनी पहिल्यापासून सांगितलं. ऐकून म्हणाली, "म्हंजी इरजान की. आमचं नासलं, तर पलीकडच्या घरचं आनायचं. समद्या गल्लीचं इरजान कुनी एकाच घरात ठिवतं व्हय?"

साहेबांनी खिशातली वही काढली आणि ते लिहून घेतलं. मग दुसऱ्या खिशातली काढली आणि तिच्यातही लिहिलं. कॉलेजात शिकलेले इंजिनियर आले तरी त्यांना सांगायचे, आमच्या मामींचं विरजणाचं शास्त्र ऐका. पुढं कधीही घरी आले की पहिला प्रश्न, मामी, विरजण कसंय? ही म्हणायची, निजलंय. हिनं ती डिस्क चोळीच्या खणात गुंडाळून ठेवली होती. साहेब चपलांच्या दुकानातून, बुटांच्या खोक्यातल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या मागून आणायचे आणि हिला द्यायचे. बाकीचे लोक पाहुणे म्हणून जाताना गजरा-केळी नेतात.

ही गेली त्याला पाच महिने झाले. डबा आहे त्याच फळीवर आहे.

साहेब वेडे नव्हते, हे कारखान्याला एकदाच कळलं. त्या शनिवारच्या आधीच्या उन्हाळ्यात. ऑफिसातल्या पोरीला एक मेल आला, सोबत ऑर्डर जोडली आहे म्हणून. नाव ओळखीच्या गिऱ्हाइकाचं. तिनं उघडला. चहाचे कप गोळा करेपर्यंत एकेक फाइल बंद पडत गेली आणि पडद्यावर लाल पट्टी, इंग्रजीत पत्र. तुमचं सगळं आम्ही कुलपात घातलंय, किल्ली पाहिजे असेल तर बोला. पोरगी खुर्चीतच थिजली. साहेब पळत गेले ते कॉम्प्युटरकडं गेलेच नाहीत, थेट मेन स्विच खाली ओढला. सातही लेथ कामाच्या मधोमध थांबले. फोरमननी आईवरून शिवी दिली.

कपाटातली डिस्क नवं काम भरायला कॉम्प्युटरला लावलेली होती, तीही कुलपात गेली. मग शेठनी ड्रायव्हरला गाडी घेऊन माझ्या घरी पिटाळलं, डिस्क आण म्हणून. तो हात हलवत परत आला. मामी देत नाहीत म्हणाला. हिनं त्याला दारातच उभं केलं होतं. तुमी कोन? ज्यांनी ठिवलं त्यांनी यावं. शेठचं नाव सांगितलं तर म्हणाली, शेठ आले तरी त्यांनाबी हेच सांगीन. शेवटी मला त्या गाडीत बसवून पाठवलं. आयुष्यात शेठच्या गाडीत बसलो तो तेवढाच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळी ड्रॉइंगं, सगळे मेल जागेवर. शेठनी पेढे वाटले.

त्या पोरीला काढून टाका, असं फोरमन म्हणत होते. साहेब मध्ये पडले. म्हणाले, ती दिवसाला शंभर मेल उघडते. एखादा चुकणारच. माणूस चुकणार हे धरून चालायचं आणि चुकीला जागा ठेवायची, म्हणजे चुकीनं जीव जात नाही. त्या पोरीनं पुढं राखीपौर्णिमेला त्यांना राखी बांधली. त्यांनी दुसऱ्या हातालाही एक मागितली असेल, असं आम्ही म्हणायचो.

आता खंडेनवमीचं.

त्या दिवशी कारखान्यात हत्यारांची पूजा. कॉम्प्युटर तारांमुळं उचलता येत नाही, म्हणून देवीचा फोटो कॉम्प्युटरच्या खोलीतच मांडायचो आणि बाकीची हत्यारं तिथं आणायचो. मापाची व्हर्नियर, हातोडे, पाने, ड्रिलची पाती. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू. साहेब त्या दिवशी सुट्टी घ्यायचे. आपण असलो की माणसं अवघडतात, असं त्यांचं म्हणणं. जाताना दाराला चिठ्ठी लावून जायचे. नारळ खोलीत फोडू नये. कॉम्प्युटरला ओलं कुंकू लावू नये. समई दाराबाहेर ठेवावी. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून प्रसाद मात्र मागून घ्यायचे. नाताळात स्वतः करंज्या आणायचे, दोन डब्यांत.

त्या वर्षी माझ्या डोक्यात आलं. ह्या माणसाचं हत्यार कुठलं? कॉम्प्युटर तर कारखान्याचा. ह्यांचं हत्यार ती डिस्क. तिनं उन्हाळ्यात कारखाना वाचवला. चाळीस माणसांच्या चुली तिच्यावर पेटत्या राहिल्या. आणि हातोड्याला फूल, तिला नाही. साहेबांना तर कुणी म्हणणारच नाही की तुमचंही हत्यार आणा. मग मीच न्यायचं ठरवलं. सकाळी न्यायचं, पूजा झाली की संध्याकाळी परत. कपाटात एक असते, ही दुसरी, तिसरं कॉम्प्युटरमध्ये. तिन्ही एका छपराखाली येतात, हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. एका दिवसानं काय होतंय, असं वाटलं.

डबा काढताना हिनं विचारलं, "आज शनवार न्हाई. सायबांना इचारलं का?"

मी म्हणालो, व्हय.

एवढा एकच शब्द बोललो. हिनं खणात गुंडाळलेली डिस्क माझ्या हातात ठेवली, वर स्वतःच्या हातानं चिमूटभर कुंकू लावलं.

पूजा झाली. समई दाराबाहेर ठेवली होती, पण वारा होता, वात सारखी विझायची. देवीपुढची समई विझलेली कुणाला बघवेना. फोरमननी ती उचलून आत ठेवली. मी बघत होतो. संध्याकाळी सगळे निघाले तेव्हा मी डिस्क घ्यायला हात घातला. फोरमन म्हणाले, मामा, पूजेतलं हत्यार उत्तरपूजा झाल्याबिगर उचलत नाहीत. उद्या सकाळी येऊन न्या. मला ते कुणी शिकवायला नको होतं. माझा हात आपोआप मागं आला. दार मी ओढलं. कुलूप मी लावलं.

दसऱ्याच्या सकाळी शेजारच्या युनिटच्या वॉचमनला धूर दिसला. मी पोचलो तेव्हा बंब येऊन गेला होता. लेथ शाबूत होते. ऑफिस आणि कॉम्प्युटरची खोली राहिली नव्हती. बंबवाले म्हणाले, उंदरानं पेटती वात ओढून नेली असणार, असं होतं. लोखंडी कपाट उभं होतं, पण भट्टीसारखं तापून आतली डिस्क वितळली होती. माणूस कुणी दुखावला नाही, तेवढं बरं झालं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, आधीच्याच एसटीनं. शेठ राखेत उभे होते. आम्ही दहा-बारा जण भोवती. शेठ रडत नव्हते, साहेबांची वाट बघत होते. त्यांना बघून चेहऱ्यावर जीव आला. "ती बाहेरची कुठंय? मामांकडची?"

साहेब खाली वाकले होते. देवीचा फोटो मांडला होता तिथं, समईच्या पायाला काळं काहीतरी चिकटलं होतं. साबणाच्या वडीएवढं. त्यांनी ते नखानं सोडवलं. जळालेल्या खणाचा एक कोपरा त्याला अजून होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ते खिशात टाकलं आणि म्हणाले, "बाहेर नव्हती, शेठ. मी महिनाभर आळस केला. दोन्ही इथंच होत्या."

मी तिथंच उभा होतो. मला तोंड होतं.

पुढचं सगळ्या एमआयडीसीला माहीत आहे. समजाची जीभ काळी, रोज म्हणायचा जळालं जळालं, शेवटी जळालं. शिवाय ह्याची कॉपी म्हणजे नुसती बडबड, वेळेला एकही नाही. शेठनी त्यांना महिनाभर ठेवलं. तो महिना साहेब शेजारच्या युनिटमध्ये उसन्या कॉम्प्युटरवर बसून गिऱ्हाइकांना मेल लिहीत होते. मेलला दोन टोकं असतात, आपलं जळालं तरी समोरच्याकडं असेल, आम्ही पाठवलेली ड्रॉइंगं आम्हालाच परत पाठवा. ज्यांच्याकडं होती त्यांच्यातल्या काहींनी पाठवली. बरीच कुठंच नव्हती. फोरमन जुने भाग मापून नवी ड्रॉइंगं करायला बसले. झिजलेल्या भागाचं माप घेतलं की नवा भागही झिजलेलाच होतो. माल परत यायला लागला. कोणी काय कबूल केलं होतं, याचा मेल काढून दाखवायला मेलच नव्हते. गिऱ्हाइकं एकेक करून गेली. तीन वर्षं रडतखडत चालून कारखाना बंद पडला. त्या जागेत आता कुणाचं तरी प्लायवूडचं गोडाऊन आहे.

साहेबांना एमआयडीसीत परत कुणी उभं केलं नाही. श्रीरामपुरात कोर्टापुढं एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करत होते, असं कानावर यायचं. दुसऱ्यांच्या कागदांच्या कॉप्या काढत होते. मी कधी भेटायला गेलो नाही. एसटी थेट होती.

जळिताला वर्ष झालं तेव्हा पोस्टानं एक पाकीट आलं. वर लिहिलं होतं, 'मामींच्या डब्यासाठी'. हिनं फोडलं नाही, मलाही फोडू दिलं नाही. शेवयांच्या डब्यात, खण होता त्या जागी ठेवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बहिणीचा फोन आला. दुकानातच छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. बहीण म्हणाली, तुमच्याकडं एक पाकीट असेल, येताना आणा. हिनं डबा काढून पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "ह्ये तरी येळेवर पोचवा."

त्यांचं तेच होतं. मरणाचे कागदही तीन ठिकाणी. एक बहिणीकडं, एक फादरकडं, आणि बाहेरची प्रत माझ्याकडं. सगळं झाल्यावरही बाहेरची प्रत माझ्याकडं. बोटभर अक्षर. एक, समजा मी मेलो. दोन, रडण्याआधी बहिणीला कळवा. तीन, निळा शर्ट, दोन खिशांचा. चार, माझा मेल बंद करा, नाहीतर माझ्या नावानं कुणीतरी लोकांना काहीबाही पाठवत राहील. कसा बंद करायचा ते मागच्या पानावर. पाच, अडलं तर कुणाला विचारू नका, वहीत बघा.

तिन्ही कागद ताडून बघितले. अक्षराचाही फरक नव्हता. माझ्या कागदाची गरजच पडली नाही. मातीहून आल्यावर बहिणीच्या घरी कॉम्प्युटरपुढं बसलो, तिच्याच कागदाच्या मागच्या पानावर बोट ठेवून एकेक करत गेलो आणि त्यांचा मेल बंद केला. शेवटी यंत्रानं विचारलं, नक्की का? मी मागं वळून बघितलं. भिंत होती.

आता ती संध्याकाळ. इतका वेळ टाळली.

राखेत ते खोटं बोलले त्याच संध्याकाळी साहेब आमच्या घरी आले. विरजण कसंय, असं विचारलं नाही. खिशातून ती वितळलेली डिस्क काढून पाटावर ठेवली, कारण ती हिच्या डब्यातली होती. हिनं खणाचा कोपरा ओळखला. माझ्याकडं बघितलं. "तुमी तर म्हनला, इचारलं."

मी चहाचं आधण ठेवायला उठलो.

साहेबच म्हणाले, "विचारलं होतं मामी. मीच हो म्हणालो."

ही म्हणाली, "सायेब, तुमाला खोटं बोलता येत न्हाई. कशाला झटता?"

मग ते माझ्याकडं वळले. आवाज चढवला नाही. त्यांनी कधीच चढवला नाही. "मामा, मी सगळं समजून बसलो होतो. आग, पाणी, उंदीर, चोर. ती पोरगी चुकणार, हेही धरलं होतं. सगळ्यांच्या चुकीला जागा ठेवली. तुम्ही चुकाल, एवढं एकच कधी समजलो नाही. म्हणजे पद्धतीत भोक राहिलं. पद्धत माझी, भोक माझं. तुम्ही बोलू नका."

मी म्हणालो, पण साहेब. त्यांनी हात वर केला. फळीवर माझं कामगार विम्याचं कार्ड होतं, हिच्या दवाखान्याच्या कागदांबरोबर. हिच्या हृदयाची झडप खराब होती, विम्याच्या दवाखान्यात ऑपरेशनला नंबर लावलेला. माझी नोकरी गेली की कार्ड गेलं, कार्ड गेलं की नंबर गेला. साहेबांनी त्या कागदांकडं बोट दाखवलं. चहा अर्धा ठेवून निघून गेले.

ते दिसेनासे होईपर्यंत ही दारात उभी होती. मग आत आली आणि म्हणाली, "माज्या झडपंपायी त्या मानसाचं नाव जाळू नका. सकाळी जाऊन शेठला सांगा."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. पुढं हिचं ऑपरेशन झालं, त्याच कार्डावर. चांगलं झालं, लई वर्षं जगली. तेवढ्या वर्षांत ह्या गोष्टीबद्दल मला परत एक शब्द विचारला नाही. कारण मी सकाळी कारखान्यातून घरी आलो, तेव्हा माझ्या तोंडाकडं बघून तिला काय कळायचं ते कळलं होतं.

सकाळी मी सायकलवर निघालो तेव्हा वाक्य तयार होतं. डिस्क मी आणली होती, शेठ. पाचच शब्द. वाटेत दहादा म्हणून बघितलं, मोठ्यानं. साहेबांच्या भाषेत, परीक्षा घेतली. दरवेळी पास.

शेठ अंगणात कडुलिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत एकटेच बसले होते. पाण्यानं भिजलेल्या राखेचा वास सगळीकडं होता. साहेब आधीच येऊन राखेत काहीतरी शोधत होते. मी शेठच्या पुढं जाऊन उभा राहिलो, तसं साहेबांनी मला बघितलं. हातातली काठी खाली ठेवली, आणि कंपाउंडच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. शनिवारी राहायचे तसे.

शेठनी मान वर केली. "काय मामा?"

"शेठ," मी म्हणालो, "चहा आणू का?"